बिल्ला, १९६२ ची गाडी आणि सीमेवरचा नाका : ढोरांच्या रोगबंदोबस्ताचा विदर्भातून आढावा

ढोरांच्या रोगबंदोबस्ताची ही सरकारी सेवा आवडो न आवडो, वापरावी लागतेच. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेलं ढोर बाजारात विकता येत नाही आणि घेताही येत नाही. बिल्ला आणि लस गोपालकाला फुकट मिळते. दोन्ही कामाच्या आहेत, १९६२ या नंबरावर फोन केला की दारात येणारी गाडीही उपयोगाची आहे. पण राज्याची हद्द आली की हा बंदोबस्त ढिला पडतो. विदर्भाच्या कडेला मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणा अशी तीन राज्यं आहेत. गवळाऊ गाय वर्ध्याची म्हणतात, पण ती पलीकडे छिंदवाडा आणि सिवनीतही आहे. ढोरांची ये-जा पिढ्यांपासून चालू आहे आणि ती थांबणार नाही.

आधी बिल्ला. पिवळा, बारा आकडी नंबराचा, दोन तुकड्यांचा. या नंबरावर सरकारच्या ‘भारत पशुधन’ या संगणकी नोंदप्रणालीत मालकाचं नाव, मोबाइल, लसीच्या तारखा आणि उपचार चढतात. तो कुठे टोचला यावर सगळं अवलंबून असतं. कानाच्या मधोमध, दोन जाड शिरांच्या मधली जागा बरोबर. टोकाकडे किंवा कडेला मारला तर बाभूळ-बोरीत अडकून कान फाटतो आणि बिल्ला जातो. शीर फुटली तर रक्त थांबत नाही. पिनेचं टोक पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवूनच मारायला सांगा, आणि पुढचे आठ-दहा दिवस कान रोज उलटून पाहा. पावसाळ्यात माशी बसून जखमेत अळ्या पडतात, आणि ढोर सारखं डोकं झटकायला लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. बिल्ला पडला तर नवा मारताना जुना नंबर त्याला जोडून घ्या. नाहीतर आधीच्या सगळ्या लसी कागदावरून पुसल्या जातात.

लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून देशभराच्या कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी दिली जाते. गायी-म्हशींना २ मिलि, खोल स्नायूत. वासराला पहिली मात्रा चार महिन्यांच्या वयाला, दुसरी चार आठवड्यांनी. हा बूस्टर फार ठिकाणी सुटतो, आणि मग "लस देऊनही खुरी (खुरकुत) आली" अशी ओरड होते. दुसरी गडबड थंडाव्याची. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा पेटी उघडी ठेवून गावभर फिरणं म्हणजे लस वाया घालवणं. उलट कुपी बर्फाला चिकटून गोठली तरी ती गेलीच, कारण ही तेलातली लस आहे आणि गोठल्यावर तेल-पाणी वेगळं होतं. कुपी पाहायला मागा. दुधासारखी एकसारखी दिसली तर घ्या, थर पडलेले दिसले तर नको म्हणा. त्यात कोणाचा अपमान नाही.

अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगाची लस वेगळी. शेळ्यांच्या देवीची लस, चार महिन्यांवरच्या निरोगी जनावराला १ मिलि, कातडीखाली, वर्षातून एकदा. ती जिवंत लस असल्याने पातळ करायच्या द्रवात मिसळल्यावर थंड ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते. प्रत्येक ढोराला नवी सुई हवीच. गावात एखादं ढोर आतून आजारी असेल तर एकच सुई पन्नास ढोरांना लावून रोग आपणच वाटतो. या मुद्द्यावर अजिबात तडजोड करू नका.

१९६२ या नंबरावरून फिरतं पशुपथक येतं. फोन करताना बिल्ल्याचा नंबर, गाव, ताप आहे का, तोंडातून लाळ गळते की अंगावर गाठी आहेत, एवढं सांगितलं तर पथक तयारीने येतं.

आता नाका. पांढरकवडा-आदिलाबाद, देवरी-राजनांदगाव, नागपूर-सिवनी अशा मोठ्या रस्त्यांवर ट्रक थांबवता येतो. कागद, बिल्ला आणि गर्दी पाहता येते (नियमाने एका ट्रकात सहापेक्षा जास्त मोठी ढोरं चालत नाहीत). पण पायी जाणारा कळप नाक्यावर येतच नाही. उन्हाळ्यात नदीचं पात्र आणि जंगलातली वाट त्याला मोकळी असते. शिवाय नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी अपुरीच. खुरकुताची लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस लागू शकतात आणि लम्पीची अठ्ठावीसपर्यंत. ठणठणीत दिसणारं ढोर रोग घेऊन पार होतं. म्हणूनच लम्पीच्या वाहतूक आदेशांत लस देऊन २८ दिवस झाल्याची अट असते. नाक्यावर तब्येतीच्या दाखल्याइतकीच लसीची तारीख पाहिली गेली पाहिजे.

लम्पी देशात २०१९ मध्ये ओडिशात आढळली, आणि पुढच्याच वर्षी गडचिरोलीच्या सिरोंचा भागात पोहोचली. रोग निघाला की त्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ आखून बाहेरून आत लस देत येतात. सिरोंचाला प्राणहितेच्या काठावर हे वर्तुळ काढलं तर त्याचा मोठा भाग तेलंगणात पडतो. आपल्या बाजूचं पथक नदीपाशी थांबतं आणि पलीकडचं त्यांच्या वेळापत्रकाने चालतं. चावणारी माशी, डास आणि गोचीड हद्द पाहत नाहीत. सीमेवरच्या तालुक्यांमध्ये दोन्ही राज्यांनी एकाच पंधरवड्यात लस द्यावी आणि रोग निघाल्याच्या दिवशीच पलीकडच्या तालुक्याच्या पशुवैद्यकाला फोन जावा. एवढं झालं तर आहे त्याच लसीतून दुप्पट काम होईल. बुळकांडी या ढोरांच्या जुन्या जीवघेण्या साथीतून भारत २००६ मध्ये आणि जग २०११ मध्ये मुक्त झालं, ते सगळ्यांनी मिळून केल्यामुळे.

सीमेपलीकडून बैलजोडी आणत असाल तर सौद्याआधी बिल्ल्याचा नंबर प्रणालीत तपासून घ्या आणि लसीच्या तारखा वाचा. घरी आणल्यावर २८ दिवस मुख्य कोठ्यात बांधू नका. बादली, दावं आणि चारा वेगळा ठेवा, शक्यतो माणूसही वेगळा. खुरकुताची शंका आली तर १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून खुरांची जागा, गाडीचे टायर आणि चपला धुवा. लम्पीसाठी गोचीड-माशीचा बंदोबस्त आणि शेणाची लांब विल्हेवाट जास्त कामाची. रोगाची शंका ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवणं जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. "बाजार बंद करतील" म्हणून दडवणारा सगळ्या पंचक्रोशीचं नुकसान करतो.

विकणाऱ्याने पैसे मोजून झाले की दावं सोडायच्या आधी मालकबदलाची नोंद करून घ्यावी. बाजारात सगळ्यात जास्त वेळा हेच राहतं. ढोर आदिलाबादला जाऊन आजारी पडलं आणि नोंद जुनीच असली, तर चौकशीचा फोन यवतमाळच्या जुन्या मालकाला येतो आणि मधल्या तीन हातांचा माग तिथेच तुटतो. बाजार समित्यांनी गेटवर बाजाराच्या दिवशी यासाठी एक टेबल आणि एक माणूस बसवावा.