बेंझची तीनचाकी की डाइमलरची घोडागाडी?

यातली पहिली मोटार कोणती? दोन्ही गाड्या 1886च्या, दोन्ही जर्मनीतल्या. मानहाइमचे कार्ल बेंझ आणि कानश्टाटचे गोटलीब डाइमलर. डाइमलरांनी चक्क तयार घोडागाडी मागवली आणि तीत सहकारी अभियंता विल्हेल्म मायबाखसोबत घडवलेलं इंजिन बसवलं. ताकद साधारण 1.1 अश्वशक्ती, म्हणजे बेंझच्या पाऊण अश्वशक्तीपेक्षा जास्तच. त्यांना इंजिन हवं होतं, ते कशालाही जोडता यावं असं. दुचाकीला, होडीलाही त्यांनी ते लावलं.

बेंझनी मात्र गाडीच नव्याने मांडली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, मागे इंजिनाचं आडवं मोठं गतिचक्र (फ्लायव्हील), विजेच्या ठिणगीने पेटणारं इंधन. डाइमलरांकडे त्यासाठी तापवलेली नळी होती, तिला सतत ज्योत लागायची. 29 जानेवारी 1886 रोजी बेंझनी पेटंटसाठी अर्ज केला. माझं मत विचाराल तर पहिली मोटार हीच, कारण तिच्यात घोड्याची जागाच ठेवलेली नव्हती.

आणि तिची खरी परीक्षा घेतली कार्ल यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी. ऑगस्ट 1888मध्ये दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन, म्हणजे पेट्रोलसारखं द्रव, घेतलं. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

पुढे मायबाखच्या 1901च्या मर्सिडीजने डाइमलर कंपनी वेगात पुढे नेली. 1926मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.