बुग्रोच्या चार प्रहरांचा मुद्रित संच: आकार पाहूनच मागवावा

विल्याम आदोल्फ बुग्रो या फ्रेंच चित्रकाराने १८८१ ते १८८४ या काळात वर्षाला एक याप्रमाणे पहाट, तिन्हीसांज, रात्र आणि दिवस या स्त्रीरूपात कल्पिलेल्या चौघींची उभी तैलचित्रे रंगवली. त्यांच्या मुद्रित प्रतींचा संच मला एका ऑनलाइन दुकानातून दोनदा मागवावा लागला. मूळ चित्रांपैकी ‘पहाट’ अलाबामातील बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात, ‘तिन्हीसांज’ हवानात आणि ‘रात्र’ वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे, तर ‘दिवस’ खासगी मालकीचे आहे. तेव्हा चौघींना शेजारी शेजारी पाहायचे तर प्रतींवाचून गत्यंतर नाही.

‘पहाट’ सुमारे २१५ सेंटिमीटर उंच आणि १०७ रुंद, म्हणजे उंची रुंदीच्या दुप्पट आहे. पहिल्या खेपेला आलेल्या प्रती ए-२ कागदावर होत्या, ज्याची उंची रुंदीच्या दीडपटही भरत नाही, आणि कागद पुरता भरावा म्हणून दुकानाने चित्रे वरून-खालून छाटली होती. त्यात नेमके पाऊल गेले. अरोरा, म्हणजे रोमनांची उषा, पाण्याला जेमतेम पायाची बोटे टेकवून लिलीचे फूल हुंगायला वाकली आहे. तो पाण्याचा स्पर्श कापला की देवता जाते आणि नुसती वाकलेली बाई उरते. ‘तिन्हीसांजे’चेही तेच झाले होते. बदलून आलेल्या १२ बाय २४ इंचांच्या प्रती मात्र पूर्ण आहेत, आणि आता ती समुद्रावर तरंगणारी सांजच मला चौघींत सरस वाटते.

कागद मॅट, म्हणजे बिनचकाकीचा घ्यावा. बुग्रोच्या रंगलेपनात कुंचल्याचा फटकारा शोधूनही सापडत नाही, त्यामुळे कॅनव्हासवरील छपाईचा खरखरीतपणा त्या नितळ त्वचेवर उपराच दिसतो. ‘दिवसा’ची छपाई ठीक आहे. ‘रात्री’ची मात्र फसली आहे: काळे वस्त्र आणि मागचा अंधार एकमेकांत मिसळले आहेत. दिवाणखान्यात घुबडाचे चित्र नको, असा आमच्या सासूबाईंचा कटाक्ष असूनही त्यांनी आठवडाभर काही हरकत घेतली नाही, यावरून त्या चित्रातली घुबडे कितपत दिसतात ते कळावे.

फ्रेम करायला देताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, तळाच्या कडेवर पाव इंचही चढवू नये, असे कारागिराला बजावून सांगावे. नाहीतर दुकानाने वाचवलेली बोटे तिथे झाकली जातील.