आठ महिने वापरल्यावर: एडिटर चांगला, पण ‘सगळं बदला’ जपून

मालवणात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. खाणावळींची मेनूकार्डं, होमस्टेची पत्रकं, जत्रेच्या स्मरणिका, असली कामं. मजकूर येतो तो व्हॉट्सॲपवरून, नाहीतर कुणाच्या तरी जुन्या सीडीतून कन्व्हर्टरने युनिकोडात आणलेला. तो साफसूफ करायला गणपतीनंतर एक फुकटचा टेक्स्ट एडिटर घेतला. नाव मुद्दाम देत नाही. खालचं रडगाणं अर्धं त्याचं आहे, अर्धं माझंच.

बाकी तक्रार नाही. बॅटरी मेलेल्या माझ्या लॅपटॉपवरही झटकन उघडतो. ऑक्टोबरच्या गडगडाटात लाईट गेली, तर न साठवलेली फाइल परत जशीच्या तशी समोर.

दुखणं आहे शोधा-बदलामध्ये. आचऱ्याच्या गावपळणीवरचा लेख होता. ‘किनाऱ्यावर’ शोधलं, त्याने ११ सांगितले. पहिल्याच पानावर मला पाच दिसत होते आणि त्यातला एकही त्याने रंगवला नव्हता. तासभर सेटिंगं उलटीपालटी केली. शेवटी त्यातल्या एका शब्दावर बॅकस्पेस मारत गेलो. ‘वर’ गेलं, काना गेला, य गेला, आणि पुढच्या टिचकीला अक्षर गेलंच नाही, नुसती र ची आडवी रेघ मोडून पायमोडका र उरला. म्हणजे तिथे न दिसणारं काहीतरी होतं.

ते होतं झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं, स्वतः न दिसणारं चिन्ह; युनिकोडातला त्याचा क्रमांक २००डी. ऱ्य दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ (क्रमांक ०९३१), हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग हा जॉइनर आणि य. कागदावर दोन्ही सारखेच, एडिटरला मात्र वेगळे.

हे कळण्याआधी मी वैतागून एक शहाणपणा केला होता. ‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ टाकला. सूर्यास्ताचा सूऱ्यास्त झाला आणि दर्यात गेलेले मासेमार थेट दऱ्यांत उतरले. जे बदलायचे होते त्यातला एकही बदलला नाही, कारण त्यांच्यात मध्ये जॉइनर बसलेला! कंट्रोल झेडने सगळं एका फटक्यात मागे आलं म्हणून वाचलो.

आता करतो ते असं: फाइलमधलाच बिघडलेला तुकडा, र पासून य पर्यंत, कॉपी करून शोधायच्या खिडकीत चिकटवतो. अदृश्य अक्षर आपोआप सोबत येतं. बदलीला ‘ऱ्य’. सगळे जॉइनर सरसकट उडवू नका, काही ठिकाणी अर्धं अक्षर दिसावं म्हणून ते मुद्दाम घातलेले असतात. ‘ॲ’ची कथा तशीच. ते एकसंध अक्षर युनिकोडात २००८ साली आलं. त्याआधीच्या फाइलींत अ वर चंद्र चढवलेला सापडतो. दोन्ही रूपं वेगवेगळी शोधावी लागतात. विसर्गाच्या जागी कोलन तर नेहमीचाच.

पण ‘पूर्ण शब्द’ हा चौकोन मात्र एडिटरचाच दोष. हा बाबा काना-वेलांटीला अक्षर मानत नाही, तिथे शब्द संपला असं धरतो. एका मेनूकार्डावर पत्त्यासाठी ‘मालवण’चं ‘मालवण तालुका’ करायचं होतं. चौकोनावर टिक केली, सगळं बदला दाबलं. ‘मालवणचा’, ‘मालवणला’ शाबूत राहिले, कारण पुढे च आणि ल आहेत. ‘मालवणी मसाला’ मात्र झाला ‘मालवण तालुकाी मसाला’, वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. प्रूफ न बघता छापलं. खाणावळवाल्या काकींचा फोन: “ह्यां काय छापलंस रे? तालुक्याचो मसालो खंय गावता तां माका पण सांग!” पन्नास कार्डं माझ्या खर्चाने परत छापली.

तेव्हापासून तो चौकोन बंद. शब्दाच्या पुढेमागे जागा सोडून शोधतो. स्वल्पविराम आणि ओळीचा शेवट निसटतात, ते हाताने. आधी मोजणी बघतो, पहिल्या दहा-बारा जागा एकेक करून बदलतो, आणि फाइलची वेगळी प्रत ठेवतो, कारण फाइल बंद केली की कंट्रोल झेडचा उपयोग नाही.

इंग्रजी मजकूर किंवा कोड असेल तर हा एडिटर बिनधास्त घ्या. मराठीसाठी माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. तो चौकोन सुधारला तर अर्धा गुण वाढवीन.