‘आतड्यातून तारुण्य’: माझे १२,५९७ रुपये गेले, तुमचे तरी वाचवा

‘आतड्यातून तारुण्य’ विकणाऱ्यांची जाहिरात कशी असते ते सगळ्यांना पाठ आहे: आधी-नंतरचे फोटो, पांढरा कोट, ‘सुरकुत्यांचं मूळ पोटात’. ते उगाळत नाही. ९९ रुपयांत सल्ला, मग ७,४९९ चा तीन महिन्यांचा कोर्स, मग ‘ताई, तुमच्यात आम (म्हणजे न पचलेल्या अन्नाचा साका) फार साठलाय’ म्हणून ४,९९९ चं डिटॉक्स चूर्ण.

मी काही भोळी नाही. त्रिफळा, ज्येष्ठमध घरात कायम असतं, आणि पोट बिघडलं की चेहरा उतरतो हे कोण नाकारेल? नेमकं तेच खरं धरून त्यांनी पुढचं खोटं गळी उतरवलं. पण एक क्षण डोक्यातून जात नाही. फोनवरच्या ‘डॉक्टर’ने वय विचारलं, पैसे कार्डाने देणार की यूपीआयने तेही विचारलं, दुसरी औषधं कोणती चालू आहेत, हे नाही. बीपीच्या गोळीचं मीच सांगितलं, तर म्हणे, ‘चालतंय हो, हर्बलच आहे.’ तिथेच फोन आपटायला हवा होता! पण वैद्य म्हणवणाऱ्याची उलटतपासणी कोण घेतं?

चूर्णाने जुलाब सुरू झाले. ‘टॉक्सिन बाहेर पडताहेत, बंद करू नका.’ गाल आणखी बसले. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: सोनामुखी. साधं रेचक! माझ्या गोळीने लघवीवाटे पोटॅशियम जातंच, त्यात हे जुलाब. हृदयाचे ठोके बिघडले असते, म्हणाले. सुरकुत्यांसाठी? उन्हात जपा, सनस्क्रीन लावा. झालं.

डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक होता, म्हणजे कागदोपत्री ते खाद्यपदार्थ. आयुर्वेदिक औषधावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द आणि उत्पादन परवाना क्रमांक लागतो. आधी लेबलचा फोटो मागा, नाही दिला तर नंबर ब्लॉक करा. औषधांच्या कार्यालयात म्हणाले, ‘हे अन्न.’ अन्नवाले म्हणाले, ‘दावा औषधाचा, तिकडे जा.’ पोलीस म्हणाले, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ वर गालातल्या गालात हसले. ऑनलाइन तक्रार ‘निकाली’, का तर कंपनीने ‘परिणाम व्यक्तीनुसार वेगळे’ एवढं उत्तर दिलं! औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. तो काय शोभेला ठेवलाय?

डबे फेकू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. बिल, लेबल आणि चॅट लागतात. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. त्या ‘डॉक्टर’ने आपले निम्मे मेसेज डिलीट केलेत, आणि ‘हर्बलच आहे’ हे तर तो फोनवर बोलला होता.