पट्टा बदलायला दिलेलं घड्याळ आतून बदलून आलं

पुण्यात पेठेतल्या एका घड्याळवाल्याने माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, घड्याळाचं काय केलं ते सविस्तर लिहितेय. घरात जुनं चावीचं घड्याळ असेल तर जरूर वाचा.

घड्याळ एचएमटी जनता, १७ ज्वेल्सचं (म्हणजे आत चाकांची झीज कमी करणारे १७ खडे असलेलं). आप्पांनी नोकरीला लागल्यावर घेतलेलं आणि अजूनही ठणठणीत चालणारं. फक्त चामड्याचा पट्टा घामाने कुजून बक्कलपाशी तुटायला आला होता. खरं तर पट्टा बदलायला घड्याळ उघडावंच लागत नाही. पट्टा स्प्रिंगच्या पिनेवर अडकवलेला असतो; पीन दाबली की सुटतो. या माणसाने मात्र पट्ट्याला हात लावायच्या आधी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चुकचुकला. "ताई, आतलं तेल पार वाळलंय. असंच चालवलंत तर मशीन झिजून जाईल. ऑइलिंग करून देतो, ठेवून जा." गंमत अशी, की तेल खरंच वाळतं. चावीच्या घड्याळाला काही वर्षांनी सफाई लागतेच. त्यामुळे या वाक्यावर गिऱ्हाइकाला काही बोलता येत नाही.

परत आलं तेव्हा घड्याळ चकाचक. "डायल पण नवी करून दिलीय, तिचे पैसे नाही लावले," असं वर ऐकवलं. आप्पांनी घड्याळ हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे माझं नव्हे. चारच्या आकड्यापाशी डाग होता. आणि सेकंदकाटा एवढा लांब कधी होता?"

मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर उघडून भिंगातून एकेक दाखवलं. स्क्रूंच्या खाचा चावल्यासारख्या झालेल्या. एक चक्र लखलखीत, शेजारचं गंजाचे डाग पडलेलं, म्हणजे दोन-तीन मेलेल्या घड्याळांतून जमवलेलं मशीन. डायल तर पुन्हा रंगवलेली: डायलवरच्या 'पॅराशॉक' (धक्क्यापासून बचाव असल्याची खूण) या शब्दाची अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. झाकण तेवढं आप्पांचंच, नंबरसकट! कारण गिऱ्हाईक पडताळून पाहतं ते झाकणावरचा नंबर. झाकण तेच ठेवून आतलं सगळं काढून घेता येतं, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्यामागे हिशेब आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. नवे सुटे भाग आता बनत नाहीत. संग्राहकांना हवी असते न रंगवलेली, मूळ डायल. डागाळलेली असली तरी चालते. उलट रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना ते 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात (मुंबईकरांनी रागावू नये, हे नाव परदेशातही पोचलंय). नारिंगी, पोपटी, जांभळ्या डायलच्या स्वस्त 'जुन्या' एचएमटी आणि जपानी सेइको ऑनलाइन दिसतात, त्यातल्या पुष्कळशा याच जातीच्या. तेव्हा पट्टा बदलायला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्या दुकानदाराच्या दृष्टीने आयती मूळ डायल घेऊन आलेला माणूस.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "जुनी डायल खराब होती, टाकून दिली." ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार करता येते. पण आमच्या हातात काय, तर एक चिठ्ठी: 'एचएमटी १, ऑइलिंग, पट्टा'. त्याने परत दिलेलंही एचएमटीच आहे, एकच आहे, आणि पट्टा लावलेला आहे.

म्हणून घड्याळ ठेवूनच यायचं असेल तर झाकण आपल्यासमोर काढायला लावा आणि आतल्या मशीनचा फोटो घ्या. डायलचा फोटो भिंगातून दिसेल इतका जवळून हवा. पावतीवर मॉडेल, झाकणावरचा नंबर, डायलचा रंग आणि त्यावरचे डाग लिहून घ्या. 'डायलला आणि काट्यांना हात लावू नये' आणि 'बदललेले जुने भाग परत द्यावेत' हेही लिहून घ्या. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तर न सांगताच लिहून दिलं.

सेलच्या घड्याळातही हात मारतातच, फक्त छोटा. एसआर ६२६ आणि एलआर ६२६ हे सेल एकाच मापाचे, पण पहिला सिल्व्हर ऑक्साइडचा आणि दुसरा स्वस्त अल्कलाइन. दुसरा लवकर उतरतो आणि आत गळला तर सर्किट खातो. पैसे पहिल्याचे घेऊन दुसरा बसवतात. सेल बसवताना त्यावरची अक्षरं वाचा, एवढंच.

राहिला पट्टा. 'प्युअर लेदर' म्हणून दिलेला तो पट्टा पहिल्याच पावसाळ्यात सोलला. वर रेक्झिनचा पापुद्रा, आत पुठ्ठ्यासारखा लगदा. विकत घेताना वरची बाजू बघू नका, कापलेली कड बघा. आत पुठ्ठ्यासारखा लगदा दिसला तर समजा, ते अस्सल चामडं नाही. माप १८ मिलिमीटरचं हवं होतं, त्याने १६चा घालून दिला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पिना उघड्या. शेवटी माझ्या मुलाने नवा पट्टा घरीच लावला. काम सोपं आहे, पण घड्याळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून करा. आमची एक पीन उडून कपाटामागे गेली ती अजून सापडलेली नाही.