पश्चिमेच्या खिडकीला कोणती काच: टंगस्टनची की व्हॅनेडियमची?

हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींत एप्रिलच्या दुपारी पडदे ओढून, दिवे लावून कामं चालतात. रंग बदलणारी काच हा त्यावरचा एक उपाय. पण तिच्यात दोन जाती आहेत.

टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर विजेवर चालतो. मोजके व्होल्ट दिले की लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) आणि इलेक्ट्रॉन थरात शिरतात, काच निळी होते. दिशा उलटी केली की पुन्हा पारदर्शक. शास्त्रज्ञ सत्येन देब यांचं यावरचं काम १९६९चं. वीज मुख्यतः रंग बदलतानाच लागते, नंतर तो बराच वेळ टिकतो. खरी अडचण रचनेची: दोन पारदर्शक वाहक थर, मध्ये आयन वाहून नेणारं इलेक्ट्रोलाइट, आयन साठवणारा आणखी एक थर, वर वायरिंग. मोठी काच गडद व्हायला काही मिनिटंही लागतात.

व्हॅनेडियम डायऑक्साइडला वायर नको, बटण नको. साधारण ६८ अंशांना त्याची स्फटिकरचना बदलते आणि तो उष्णतेचे अवरक्त किरण अडवू लागतो. पण पुण्याच्या उन्हात काच एवढी तापणार कधी? म्हणून त्यात थोडं टंगस्टन मिसळून हा आकडा खाली आणतात (इथेही टंगस्टनच!), तेव्हा परिणाम काहीसा मंदावतो. शिवाय दिसणारा प्रकाश फारसा कमी होत नाही, म्हणजे मॉनिटरवरची तिरीप तशीच. काचेला पिवळट झाक येते ती वेगळीच.

ऑफिससाठी मी टंगस्टनच निवडेन. घराला मात्र सध्या दोन्ही नको. बाहेरून बांबूचा चिकाचा पडदा लावावा.