जवळची शाळा की मॅग्नेट?

कुठल्या पत्त्याला कुठली शाळा हे ठरवणाऱ्या हद्दी बदलायची चर्चा निघाल्यापासून अमेरिकेतल्या मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतली माझी मैत्रीण कात्रीत सापडलीय: लेकीला आठवीनंतर हद्दीतल्या हायस्कूलला घालायचं, की सिल्व्हर स्प्रिंगमधल्या माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलच्या 1985पासूनच्या विज्ञान-गणित मॅग्नेटला, म्हणजे निवडून घेतलेल्या मुलांच्या खास अभ्यासक्रमाला, अर्ज करायचा?

प्रवासात जवळची शाळा सरळ जिंकते. शाळा भरते पावणेआठला. लांबून सिल्व्हर स्प्रिंगला जायचं तर हिवाळ्यात काळोखातच बसथांब्यावर कुडकुडत उभं राहणं आलं, तेही चार वर्षं. शाळेनंतर क्लबसाठी थांबली की आणायला बऱ्याचदा आईबाबाच.

खात्रीचं म्हणाल तर हद्द सरकली तरी पत्त्यावर कुठल्यातरी शाळेत प्रवेश पक्का. मॅग्नेटला निवड व्हावी लागते.

एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय दोन्हीकडे आहेत. गणितात तास न् तास रमणारी, प्रयोगशाळेतून न हलणारी मुलगी असेल तर ब्लेअर. मैत्रिणी, खेळ आणि पुरेशी झोप हवी असलेलीला जवळचीच शाळा द्या.